दोन बाटल्या रक्त

सासूबाईंना लकवा मारला तेव्हा आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये नवीनच होतो. आमचे हे वीज केंद्रात पाळीवर जायचे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, आणि सुट्टी मागितली की साहेबाच्या कपाळावर आठी पडायची. त्यामुळे सासूबाईंना चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात नेणं-आणणं माझ्याकडे आलं. त्या वर्ष-दीड वर्षात मी जे शिकले ते मला कोणी शिकवलं नाही. केसपेपरच्या खिडकीपाशी केव्हा जाऊन उभं राहायचं, एक्स-रेची चिठ्ठी आधी कोणाला दाखवायची, कोणत्या सिस्टरला सकाळच्या राउंडच्या वेळी काहीच विचारायचं नाही, हे सगळं चुकत चुकत कळलं. वॉर्डातल्या आयाबाईला तिच्या पोराबाळांविषयी विचारलं की ती चादर बदलून देते, हेही कळलं. मग सासूबाई गेल्या. मला वाटलं, आता माझा दवाखाना संपला.

पण माहेरी ही गोष्ट पोचली होती. माझं माहेर चामोर्शीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. बाबांना कोणाला नाही म्हणता येत नसे. गावात कोणाचं दुखणं चिघळलं, आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांनी चंद्रपूरला न्या म्हणून चिठ्ठी दिली, की ते लोक बाबांकडे यायचे. बाबा म्हणायचे, माझी पोरगी आहे तिथे, जा. पत्ता म्हणून ते फक्त क्वार्टरचा नंबर सांगत. लोक एसटीने चंद्रपूरला उतरत, कोणाला तरी विचारत विचारत कंपनीच्या बसमध्ये चढत आणि माझ्या फाटकापाशी येऊन उभे राहत. बहुतेक वेळा मी तेव्हा कपडे वाळत घालत असायचे. फाटकापाशी माणसं दिसली की आधी त्यांच्यातला आजारी कोण ते मी बघायचे, मग आत जाऊन तांदळात आणखी दोन मुठी टाकायचे.

या कामात अंगमेहनत अशी नव्हती. बसावं लागायचं. बाकावर, जिन्यावर, व्हरांड्यात भिंतीला टेकून. बसून बसून जो थकवा येतो तो झोपून जात नाही. बरोबर आलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत असायची आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. एकदा अहेरीच्याही पलीकडून एक माडिया जोडपं आलं, कोणाच्या ओळखीने ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. मला गोंडी येत नव्हती आणि त्यांना मराठी. दिवसभर आम्ही शेजारी शेजारी बसलो. डॉक्टर विचारायचे, मी त्यांच्याकडे बघायचे, ते माझ्याकडे. शेवटी बाहेर एक गोंडी बोलणारा शिपाई सापडला तेव्हा ओपीडी बंद झाली होती.

मुलगी तेव्हा लहान होती. ती शेजारणीकडे जेवायला लागली होती आणि तिला तिथलीच भाजी आवडायला लागली होती.

अशाच एका हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, गावातले तिघं जण आले. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. हे घर ढिवरांचं. गावच्या तलावावर मासे धरायचे आणि आठवड्याच्या बाजारात विकायचे. म्हातारीला मी लहानपणापासून ओळखत होते. ती आमच्या वस्तीत मासोळ्या विकायला यायची तेव्हा टोपली खाली ठेवायची नाही. माझी आई गंज, म्हणजे पातेलं, पुढे करायची आणि म्हातारी वरून, हात न लागेल असं, मासोळ्या टाकायची. आम्ही बौद्ध झालो होतो, बाबांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पण तिच्या हातातलं ते वरचं अंतर तसंच राहिलं होतं. आईने कधी त्यावर काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता ती माझ्या दारात उभी होती. मला म्हणाली, "तुह्या बापानं पाठवलं वो पोरी."

सून तिशीची असेल. तोंड पिवळट, ओठ पांढरे, डोळ्यांखाली सूज. चार पावलं चालली की भिंत धरायची. तिला मी आत खाटेवर निजवलं आणि हळूहळू विचारून घेतलं. मागच्या पावसाळ्यापासून अंगावरून रक्त जात होतं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. गावात झाडपाला झाला, अंगारा झाला. कापणीला गेली आणि बांधावरच चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला गाडीत घातलं.

म्हातारीने अंगणात तीन विटा मांडल्या. तांदूळ, तिखट, मीठ, सुकट, सगळं तिने गाठोड्यात बांधून आणलं होतं. पाणी ती रस्त्यावरच्या नळाचं भरून आणायची. माझ्या घरात नळ होता. सुनेने मात्र माझ्या हातचा भात पडल्या पडल्याच खाल्ला आणि आणखी मागितला. म्हातारीने ते पाहिलं आणि तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लेडी डॉक्टरांनी तपासलं. त्या कमी बोलायच्या, पण ओरडत नसत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पिशवीत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल. पण अंगात रक्तच नाही, असं टेबलवर घेता येणार नाही. आधी दोन बाटल्या रक्त चढवायचं, ते नातेवाइकांनी द्यायचं. मी बाहेर येऊन म्हातारीला आणि तिच्या मुलाला तेच सांगितलं, गावच्या भाषेत, दोनदा. मुलगा चांगला दांडगा होता, जाळं ओढून ओढून खांदे भरलेले. त्याने मान डोलावली. सुनेला खाट मिळाली, सलाईन लागलं. मी त्याला घेऊन रक्तपेढीकडे निघाले तर तो म्हणाला, लघवीला जाऊन येतो.

तो परत आलाच नाही.

मी दवाखान्याच्या मागच्या बाजूला पाहिलं, चहाच्या टपरीवर विचारलं, मग रिक्षाने बसस्टँडवर गेले. मूल गावावरून आमच्याकडे जाणारी गाडी सुटून गेली होती. परत येऊन म्हातारीला सांगितलं तेव्हा तिने मुलाला एक शिवी दिली, फार मोठ्याने नाही. मग उठली आणि म्हणाली, "चाल. मी देतो माह्यं रक्त. मले काय होते?"

मला माहीत होतं की तिचं घेणार नाहीत, पण ती ऐकेना म्हणून नेलं. तिथल्या माणसाने तिच्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझं वजन केलं. तेही भरलं नाही. त्याने मला सांगितलं की बाई, तुम्हीच आधी नीट जेवा. तो चांगल्या मनाने बोलला असेल, पण तेव्हा मला रडू यायचं तेवढं राहिलं.

घरी आले तेव्हा आमचे हे दिवसपाळीवरून येऊन आंघोळ करत होते. मी दाराबाहेरून सगळं सांगितलं. आतून पाण्याचा आवाज थोडा वेळ थांबला. मग ते म्हणाले की उद्या दुपारपाळी आहे, सकाळी जाऊन येऊ. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मी त्यांना कधी त्या माणसांसाठी काही करायला सांगितलं नव्हतं. क्वार्टरमध्ये माणसं यायची, निजायची, जायची, ते त्यांनी चालवून घेतलं होतं, आणि तेवढंच पुष्कळ होतं.

सकाळी त्यांनी रक्त दिलं, दंडावर बोळा दाबून थोडा वेळ बाकावर बसले, चहा घेतला आणि कंपनीच्या बसने परस्पर कामावर गेले. म्हातारी हे सगळं व्हरांड्यातून पाहत होती. गावच्या नात्याने ते तिचे जवाई. थोड्या वेळाने सिस्टरने सुनेच्या खाटेला बाटली अडकवली तेव्हा म्हातारी माझ्याजवळ सरकली.

"हे जवायाचं होय का?"

मी तिला समजावलं की तसं नसतं. यांचा गट वेगळा, तिचा वेगळा. इथे एक बाटली द्यायची आणि तिच्या गटाची दुसरी बाटली पेढीतून घ्यायची.

"मंग हे कोणाचं?"

"माहीत नाई बाई. कोणाचं बी असन."

"बाईचं का माणसाचं?"

"ते बी माहीत नाई."

ती बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक हाय." काय ठीक होतं ते मला कळलं नाही. ते आमचं नव्हतं हे ठीक, की कोणाचं का असेना मिळालं हे ठीक. मी विचारलं नाही. तेवढा दम माझ्यात नव्हता.

एक बाटली झाली. दुसरी कोण देणार? आमचे हे लगेच पुन्हा देऊ शकत नव्हते. शेजारपाजारी विचारलं तर कोणाला मधुमेह निघाला, कोणाच्या बायकोने नको म्हटलं. दिवस जात होते. सुनेची खाट भिंतीकडे होती आणि ती भिंतीकडेच तोंड करून असायची.

मग एका संध्याकाळी मुलगा परत आला. फाटकाच्या बाहेर, नालीच्या कठड्यावर बसून राहिला होता. आत यायला तयार नव्हता. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, विटांवरचा भात ढवळत राहिली. शेवटी आमचे हे बाहेर गेले आणि त्याच्या शेजारी बसले. नंतर यांनीच मला सांगितलं की त्याला कशाची भीती वाटली होती. त्याच्या काकाला थंडीच्या दिवसांत तलावात पायाला गोळे आले आणि तो बुडाला. गावात सगळे म्हणाले, अंगात रक्त कमी होतं म्हणून बुडाला. याला वाटलं, एकदा दिलेलं रक्त परत भरत नाही, आणि मग पौषातल्या गळाभर पाण्यात आपण उतरलो तर आपलंही तेच होईल. पोरं लहान आहेत. पळून गेल्यावर गावात झोप लागली नाही म्हणून परत आला.

यांनी त्याला समजावलं वगैरे नाही. ते म्हणाले, मी बाटली दिली त्याच दिवशी बॉयलरपाशी पाळी केली, आजही करतोय, तूच बघ. त्याने पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. सुई टोचताना त्याने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते.

दोन बाटल्या झाल्या. आता ऑपरेशन होईल असं मला वाटलं. पण तो शिबिरांचा मोसम होता. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचं काम जोरात होतं. गावोगावच्या बायका जीपमधून आणत होते, व्हरांड्यात गाद्या टाकून त्यांना ओळीने निजवत होते, ऑपरेशनची खोली त्यातच गुंतलेली. कधी लेडी डॉक्टर तालुक्याच्या शिबिराला जात, कधी भूल देणारे डॉक्टर. सुनेला रात्रीपासून उपाशी ठेवायचे, सकाळी गाऊन घालायचे, आणि दुपारी सिस्टर येऊन म्हणायची की आज नाही, खाऊन घ्या. असं एकदा झालं, पुन्हा झालं. सिस्टरचाही काही इलाज नव्हता. ती सांगताना आमच्याकडे बघत नसे.

तिसऱ्या वेळी तेच झालं तेव्हा सुनेने गाऊन काढून उशाशी ठेवला आणि लुगडं नेसू लागली. मला म्हणाली, "ताई, मले घरी नेऊन द्या. होईन ते होईन." तिचा आवाज अगदी साधा होता. मी तिला थांब म्हणायला हवं होतं. पण मलाही वाटत होतं की नेऊन द्यावं. हिला एसटीत बसवावं, घरी जाऊन दार लावावं आणि मुलीला जवळ घेऊन झोपावं.

म्हातारी खाली जमिनीवर बसली होती. ती उठली नाही. तिने सुनेच्या लुगड्याचा सुटलेला पदर हातात धरला.

"माही पोरगी अशीच गेली," ती मला सांगू लागली, पण ऐकवत सुनेला होती. "अंगणात खाट टाकून ठेवली होती तिले. मी म्हणलो, बायकायचं असते, थांबन. नाई थांबलं. हिले मी इथून नेत नाई. पिकून जाईन इथीच, पण नेत नाई."

सून पदर ओढत उभी होती. मग ती बसली. मी तिच्या अंगावर चादर घातली.

मला तेव्हाच कळलं की म्हातारीही सकाळपासून काही खात नव्हती. ज्या ज्या दिवशी सुनेला उपाशी ठेवलं, त्या त्या दिवशी तीही उपाशी होती. माझ्या थर्मासमध्ये चहा होता. मी तो झाकणात ओतला, तिच्या शेजारी फरशीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर झाकण रिकामं होतं. मी पुन्हा भरलं. तेही तिने घेतलं. त्या रात्री क्वार्टरवर मात्र तिने आपल्या विटांवरच भात शिजवला आणि रस्त्यावरच्या नळाचंच पाणी आणलं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं की नाही, हेही ठरवायला मला वेळ नव्हता.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ऑपरेशन झालं. आधी कोणी काही सांगितलं नव्हतं. सकाळी आम्ही पोचलो तर खाट रिकामी होती, आणि आयाबाई म्हणाली, आत घेतलं. आम्ही तिघं दाराबाहेर उभे राहिलो. मुलगा सारखा उकिडवा बसायचा आणि उठायचा. बऱ्याच वेळाने एक सिस्टर हातात ट्रे घेऊन बाहेर आली आणि नातेवाईक कोण म्हणून विचारलं. मुलगा मागे सरला. म्हातारीने माझ्या पाठीला हात लावून मला पुढे ढकललं आणि म्हणाली, "ही."

मी पाहिलं. तांबडा-काळपट गोळा होता, कवठाएवढा. सिस्टर म्हणाली, बघितलं ना, आणि घेऊन गेली. म्हातारीने मला विचारलं की केवढं होतं. मी हाताने दाखवलं. तिने आपल्या दोन्ही हातांनी तेवढा आकार करून पाहिला आणि मग हात पदराला पुसले.

सून आठवडाभराने उठून चालू लागली. टाके काढल्यावर डॉक्टरांनी मला बजावलं की हिला जड उचलू द्यायचं नाही, पाण्याची घागर नाही, धानाचा भारा नाही, निदान उन्हाळा संपेपर्यंत. मी ते म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली की घागर मी उचलीन. मला तिचा विश्वास वाटला. बसस्टँडवर गर्दी होती, मुलाने खिडकीतून गाठोडं टाकून जागा धरली. म्हातारीने यांच्यासाठी निरोप ठेवला की जवायाले तलावावर पाठव, मोठी मासोळी देतो. हे कधी गेले नाहीत. यांना माशाचा वास सहन होत नसे.

गाडी गेल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. कंपनीच्या दोन बस निघून गेल्या. उठावंसं वाटत नव्हतं.

ती बरी झाली ही गोष्ट गावात पसरली, आणि मग आजूबाजूच्या गावांतही. त्याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. उन्हाळ्यात फाटकापाशी दर आठवड्याला कोणीतरी असायचं. हर्नियावाले, मोतीबिंदूवाले, खोकल्याने वाकलेले. त्यांतले काही बरे झाले. काही मधेच उठून गेले. एका म्हाताऱ्याला मी दवाखान्यात आणलं आणि तो तिथेच गेला, प्रेत गावी न्यायला त्याच्या मुलाबरोबर जीप शोधत मी सगळं शहर फिरले. कोणाला बरं वाटलं की माझं नाव होई, कोणाचं बिघडलं की ते बाबांना जाऊन जाब विचारत. यांनी एकदाच म्हटलं की तुला जमत नसेल तर बाबांना लिही. मी लिहायला बसले आणि खुशाली लिहून पत्र बंद केलं.

तीनेक वर्षांनी, पुन्हा धानकापणी झाल्यावर, ती सून आली. मी तिला ओळखलं नाही. अंगाने भरली होती, डोक्यावर गाठोडं होतं. बरोबर तिच्याच शेजारची एक गरोदर बाई, पाय सुजलेले. मी आत जाऊन पिशवी आणि थर्मास घेऊन आले तर ती म्हणाली, "ताई, तुमी राहू द्या. मी नेतो तिले. खिडकी माहीत हाय मले."

तिने पितळी लोट्यात माझ्या नळाचं पाणी घेतलं, त्या बाईला पाजलं, स्वतः प्यायली आणि दोघी बसकडे गेल्या. मी दारात उभी राहिले. मग आत येऊन खाटेवर पडले. मुलगी शाळेत होती, हे पाळीवर होते. मला अशी झोप लागली की शेजारणीने दार वाजवलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

त्या दोघी नंतर आल्या. सून ओशाळली होती. केसपेपर काढला, पण मग भलत्याच ओळीत उभ्या राहिल्या आणि डॉक्टर उठून गेले. उद्या लवकर या म्हणून सांगितलं होतं. तिने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं, कुठे उभं राहिलो, कोण काय म्हणालं. मी भात वाढला. जेवताना ती म्हणाली की उद्या चुकणार नाही.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. तिने ओळ धरली आणि मी मागे बाकावर बसले.